पार्किंगमध्ये होडी बांधली, आणि ती तरंगली पण (अनुभव, चुका, बरीच बडबड)

पाणकावळा

नमस्कार मंडळी,

मागच्या उन्हाळ्यात इथे गप्पांच्या पानावर मी बोलून गेलो होतो की मला होडी बांधायचीय, आणि तुम्ही लोकांनी माझी यथेच्छ सालं काढली होती. (खोचक, तुझं 'मुठेला पूर आला की थेट डेक्कनला सोड' अजून लक्षात आहे.) तर झाली बांधून. १२ फूट लांब, सपाट तळाची, दोन वल्ह्यांची, तीन माणसं बसतील अशी. मागच्या महिन्यात मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत सोडली. गळली, पण बुडाली नाही, ते पुढे येतंच.

आधीच सांगतो, मी सुतार नाही. नोकरी कॉम्प्युटरपुढची, आणि शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक पाट केला होता तो आई अजून फक्त कुंडीखाली ठेवते. त्यामुळे 'तुला जमलं म्हणजे तुझ्या हातात कला आहे' वगैरे कृपया नको. जमलं कारण पद्धतच तशी आहे.

पद्धत म्हणजे शिवायचं आणि चिकटवायचं. जुन्या होडीसारखा आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या ठोकायच्या नाहीत. प्लायचे तुकडे कागदावरच्या मापाने कापायचे, कडेकडेने दर सहा इंचांवर २ एमएमची भोकं पाडायची, त्यातून तांब्याची तार घालून पीळ मारायचा, म्हणजे शब्दशः ब्लाऊजचे तुकडे जोडतात तसं. आणि गंमत ही की जमिनीवर पडलेले ते सपाट तुकडे शेवटचे दोन-तीन टाके पडले की एकदम फुगतात आणि समोर होडी उभी राहते. त्या रात्री मी साडेबारापर्यंत खाली पार्किंगमध्ये नुसता तिच्याकडे बघत बसलो होतो, वॉचमनने दोनदा विचारलं साहेब बरंय ना. मग आतून सांध्यांवर इपॉक्सीचा (राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारा गोंद) जाड लेप, वर काचकापडाची (फायबरग्लासच्या कापडाची) पट्टी, तारा काढायच्या, बाहेरून पण तेच. खिळा जवळजवळ नाहीच.

हे काही कालचं खूळ नाही. १९६३ साली ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाची पावणेअकरा फुटी शिडाची होडी याच पद्धतीने आली. एका दैनिकाने पुढाकार घेतला, त्याचंच नाव होडीला आणि त्याच्यासारखाच लाल रंग शिडाला. बॅरी बकनेल म्हणून टीव्हीवर घरच्या घरी सुतारकाम शिकवणारा माणूस आणि जॅक होल्ट हा होड्यांचा डिझायनर, दोघांनी मिळून केली. ज्यांच्याकडे ना यॉट क्लबची मेंबरशिप ना पैसा, अशा लोकांनी घराच्या मागे बांधायची होडी. ७० हजारांवर झाल्या. आणि त्याच्या आधी १९४७ मध्ये फ्लोरिडात क्लार्क मिल्सने लहान पोरांसाठी 'ऑप्टिमिस्ट' काढली, पावणेआठ फुटांची, प्लायच्या दोन शीटमध्ये बसेल अशी. आपल्याकडे सेलिंग क्लबात पोरं ज्या टबासारख्या चौकोनी होडीत शिकतात ती हीच, फक्त आता फायबरची.

वेळ: पाच महिन्यांचे शनिवार-रविवार. खर्च: बायको हा धागा वाचते.

बाकी प्रश्न विचारा, तसतसं लिहितो.

खोचक

अभिनंदन, मनापासून. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. कशाला? तारकर्लीला भाड्याने होडी मिळते, सोबत वल्हवणारा माणूस पण मिळतो, आणि परत येताना ती पार्किंगमध्ये ठेवावी लागत नाही.

गुण्याओळंबा

चांगलं काम. ३४ वर्षं फॅब्रिकेशनमध्ये गेली त्यामुळे थोडे बोचरे प्रश्न, राग मानू नका. १) प्लाय कोणता? दुकानदार सगळ्यालाच मरीन म्हणतो. २) शीट ८ फुटांची, होडी १२ फुटांची, सांधा कसा मारला? ३) पीळ तपासलात का? पातळ पत्र्याच्या कामात आमचा जीव पिळाने खाल्लाय, तुमच्या या शिवणकामात सांगाडाच नाही म्हणजे पीळ बसणारच.

पाणकावळा

गुण्याकाका, तिसरा प्रश्न वाचून हसू आलं, कारण बसला. पण क्रमाने घेतो.

१) आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) घेतला, ६ एमएम. फर्निचरवाले जो सर्रास देतात तो आयएस ३०३, तो किचनच्या ट्रॉलीला ठीक. ७१० ची चाचणी तुकडा ७२ तास उकळून घेतात. शिक्का खरा का खोटा हे दुकानात कळत नाही म्हणून मी एक वीतभर तुकडा आणून घरी उकळायला ठेवला, सलग नाही, रोज रात्री थोडा थोडा असे पाच दिवस. पहिल्या दुकानाचा तुकडा दुसऱ्याच दिवशी वहीसारखा उघडला. दुसऱ्याचा टिकला. यात एक पातेलं गेलं. तिसरं म्हणजे कडा बघायची, आतल्या थरात पोकळी दिसली तर शिक्का कितीही चांगला असो नको म्हणायचं, कारण वाकवताना प्लाय नेमका तिथेच तुटतो.

एक तोटा, जो मी हिशेबात धरलाच नाही. आपल्याकडचा चांगला मरीन प्लाय बहुतेक गर्जन लाकडाचा, जड असतो. परदेशातले प्लॅन ओकुमे नावाच्या हलक्या लाकडावर काढलेले. ६ एमएमची एक शीट मला बारा-साडेबारा किलोला पडली, ओकुमेची आठ-नऊ किलोची असते. प्लॅनवर होडीचं वजन ४५ लिहिलंय, माझी भरली ६८. (दोन वजनकाटे दोन टोकांना ठेवून बेरीज केली. एक शेजाऱ्यांचा.)

२) दोन्ही शीटच्या कडा रंध्याने उतरत्या करून एकावर एक चिकटवल्या. उतार १ ला ८, म्हणजे ६ एमएमला ४८ एमएमची तिरपी पट्टी. दोन्ही शीट एकावर एक पायऱ्यांसारख्या सरकवून ठेवल्या आणि एकदमच रंधा मारला की दोन्ही उतार सारखे येतात. प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांसारखे दिसतात, पट्टे सरळ तर उतार सरळ. या एका कामाची मला सगळ्यात जास्त भीती होती आणि हेच सगळ्यात छान झालं, असं का होतं काय माहीत.

३) आता पीळ. टाके घालून झाले, मी खुश, दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या, एक पुढे एक मागे, आणि एक डोळा मिटून बघितलं तर मागची पट्टी उजवीकडे दोन सेंटिमीटर खाली. सगळे टाके सैल केले, परत आवळले, तेच. आणखी एक रविवार गेला. मग लक्षात आलं की होडी सरळच आहे, पार्किंगची फरशी सरळ नाही! पाणी जाळीकडे जावं म्हणून तिला ढाळ दिलेला असतो, आणि माझे चारही स्टूल त्या ढाळावर उभे, होडी बिचारी जशी जमीन तशी पिळून बसली होती. शेवटी समोरच्या साइटवरच्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, स्टुलांखाली फरशीचे तुकडे घालून लेव्हल केली, आणि मगच चिकटवलं. चिकटवायच्या आधी कळलं हे नशीब, कारण इपॉक्सी बसल्यावर तो पीळ जन्माचा.

देवबागकर

पाणकावळ्यानु, बरा लिवलास. पण एक इसारलास. शिवलेली होडी ही काय सायबाची गोष्ट नाय. आमच्या किनाऱ्यार काथ्यान फळये शिवून होडये व्हते. खिळो नाय, काथ्यो. माझो आजो होडये बांधी, तेका कागद नाय नकाशो नाय, एक दोरी आणि डोळो, बस.

(मालवणी इतकीच, नाहीतर खोचकला दुभाषी लागेल.)

गंमत नाही, ही पद्धत खरंच जुनी आहे आणि अख्ख्या अरबी समुद्रावर चालायची. आता नौदलाची आयएनएसव्ही कौंडिण्य बघा ना, अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून केलेली, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, सांध्यात नैसर्गिक राळ. केरळचे कारागीर, बाबू शंकरन त्यांचे मुख्य, आणि काम गोव्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरवली आणि मे महिन्यात कारवारला नौदलात घेतली. शिवण्याचा फायदा काय, तर फळ्यांना थोडी हालचाल मिळते, लाट आली की जहाज लवतं, वाळूवर आपटलं तरी लगेच फुटत नाही. तुझ्या इपॉक्सीवाल्या होडीत टाके नुसते पकडून ठेवायला, नंतर काढून टाकायचे. त्यांच्या जहाजात टाकाच सगळं काही. तेव्हा नाव एक असलं तरी गोष्ट उलटी आहे.

लाकूड म्हणशील तर आमच्याकडे उंडी, फणस, आंबा. आणि वर काजूच्या टरफलाचं तेल, हाताला लागलं तर कातडी सोलते पण लाकडाला किडा शिवत नाही.

सायली_फाइफ

देवबागकर, किती छान. मला वाटलं मी एकटीच होडीवाली आहे इथे.

मी स्कॉटलंडमध्ये, आमच्या गावाने मिळून एक बांधलीय. एकट्याने नाही हं, गावाने. इथे अँस्ट्रदर नावाच्या बंदरात मासेमारीचं म्युझियम आहे, त्यांनी २००९ मध्ये इयन ऑट्रेड नावाच्या डिझायनरकडून एक होडी काढून घेतली, 'सेंट एल्स स्किफ'. २२ फुटी, चार जण एकेक वल्हं मारतात आणि एक सुकाणूवर. प्लायचे तुकडे मशीनवर कापलेले किटमध्ये येतात आणि बाकी सगळं गावाने करायचं. कल्पना अशी की पूर्वी किनाऱ्यावरच्या गावागावांमध्ये शर्यती व्हायच्या त्या परत सुरू कराव्या. आणि झाल्या की! २०१३ ला अलापूलला यांची जागतिक स्पर्धासुद्धा झाली.

आमची होडी दोन हिवाळे एका गोदामात चालली होती. तुमचा प्रश्न उकाड्याचा असेल, आमचा उलट, थंडीत इपॉक्सी वाळतच नाही. रात्री होडीवर रजया घालून खाली हीटर लावून ठेवायचो, आजारी माणसाची शुश्रूषा करावी तशी. माझं काम सँडिंग. पहिल्या दिवशी मला वाटलं नवखी म्हणून देतायत, सहा महिन्यांनी कळलं की सगळ्यांना तेच काम आहे, कारण होडी बांधणं म्हणजे नव्वद टक्के घासणंच.

पाण्यात सोडताना इथे नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) व्हिस्की ओततात. मी नारळ घेऊन गेले होते. लाकडाला लागेल म्हणून कोणी होडीवर फोडू देईना, शेवटी धक्क्याच्या दगडावर फोडला आणि खोबरं वाटलं, आमच्या सुकाणूवाल्या आजीबाईंनी (वय ७१) करवंटीत व्हिस्की घेतली.

चिंगी

सायली 😂😂 करवंटीत व्हिस्की!

पाणकावळा, इपॉक्सीबद्दल लिहा ना. मुलाच्या प्रोजेक्टला एकदा आणलं होतं तर ग्लासातून धूर यायला लागला, घाबरून बाथरूममध्ये टाकलं.

पाणकावळा

चिंगी, घाबरलात ते बरोबर, पण बाथरूममध्ये नको, धूर आला की बाहेर न्यायचं आणि हात लावायचा नाही. होतं असं की राळ आणि हार्डनर मिसळले की ते स्वतःच गरम होतात, आणि गरम झाले की ती प्रक्रिया अजून जोरात होते, उंच ग्लासात ती उष्णता कोंडते, मग पाच मिनिटांत उकळी. मी एप्रिलमध्ये दुपारी दोनला, ३९ डिग्रीत, अर्धा लिटर एकदम कालवलं. प्लास्टिकचा मग वितळून स्टुलाला चिकटला. तो स्टूल अजून तसाच आहे.

उपाय म्हणजे मिसळलं की लगेच पसरट भांड्यात ओतायचं, पातळ थरात उष्णता उडून जाते. घरात सगळ्यात पसरट भांडं कोणतं? परात. आता ती परात फक्त इपॉक्सीची आहे आणि या विषयावर आमच्याकडे बोललं जात नाही. मी नंतर काम सरळ पहाटे पाचला हलवलं.

घट्टपणा असा ठरवला: लाकडाला पहिला हात पन्ह्यासारखा पातळ, नुसती राळ. चिकटवायचं असेल तर त्यात सिलिका पावडर घालून कढीएवढं. आणि सांध्याच्या कोपऱ्यात जो गोलसर लेप भरतात तो चक्क्यासारखा, चमचा उलटा केला तरी पडायला नको. त्यात मी सँडरच्या पिशवीतला बारीक भुसा घातला, रंग पण लाकडाचा येतो. लेप ओढायला श्रीखंडाच्या डब्याचं झाकण अर्धगोल कापून घेतलं, बाजारातलं कुठलंच हत्यार इतकं बरोबर बसलं नाही.

पावसाळ्याचं वेगळं दुखणं. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते, दिसत पण नाही. त्यावर दुसरा हात मारला की तो सोलून निघतो. प्रत्येक हाताआधी साध्या पाण्याने घासणीने धुवायचं, पुसायचं, मग सँडिंग. जूनमधला माझा एक अख्खा थर यात गेला.

आणि हातमोजे, काही झालं तरी. मला एकदा मनगटावर पुरळ आलं तेव्हा शहाणा झालो. एकदा ॲलर्जी बसली की ती कायमची असते म्हणतात आणि मग होडी बांधणं संपलंच.

गुण्याओळंबा

रंगाचं विसरू नका. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं. लाकूड दिसायला छान दिसतं म्हणून लोक तसंच ठेवतात आणि दोन वर्षांत रडतात.

वकिलीडोकं

रंगाचा बेरंग करायला आलोय. तरंगण्याच्या आधी परवानगीचं बघितलंत का? २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, जुना १९१७ चा गेला. यंत्र लावलं की नोंदणी, तपासणी सगळं लागतं, घरी बांधली म्हणून सूट नाही. नुसत्या वल्ह्याच्या होडीला एवढं नाही, पण स्थानिक नियम असतात, खाडी-समुद्र असेल तर मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आधी विचारा. आणि २००८ नंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की पोलीस विचारणारच, त्यात त्यांचं काही चूक नाही.

पाणकावळा

वकीलसाहेब, त्यामुळेच खाडीत गेलो. आधी मनात होतं इथेच जवळच्या एका धरणात सोडावी, त्या ऑफिसात दोन चकरा मारल्या. पहिल्या वेळी साहेब नव्हते, दुसऱ्या वेळी होते, त्यांनी विचारलं 'होडी कुठल्या कंपनीची', मी म्हटलं माझीच, तर म्हणाले कंपनीचं लेटर आणा. तिसरी चकर मारली नाही.

मग इथूनच देवबागकरांना व्यनि (खाजगी निरोप) केला. त्यांनी बंदर कार्यालयात आणि गावात विचारून ठेवलं, मोटर नाही, किनाऱ्याला धरून राहायचं, लाइफ जॅकेट घालायची, गावचं माणूस सोबत. मी टेम्पो केला. सोसायटीतून होडी बाहेर काढताना गेटमध्ये दोन इंच जास्त पडली, आडवी करून काढली, सेक्रेटरींनी व्हिडिओ काढला. तो आता सगळ्या ग्रुपवर फिरतोय, कोणाकडे आला तर मला पाठवू नका.

पुढचं देवबागकरांनीच सांगावं, मला लाज वाटते.

देवबागकर

सांगतो सांगतो 😀

दिवस दशमीचा निवडला होता. का, तर उधाण नको. पौर्णिमा-अमावस्येला भरती मोठी आणि खाडीच्या तोंडाला ओढ भयंकर, कर्ली समुद्राला मिळते तिथे नवख्या माणसाने जायचं नाही. दशमी म्हणजे भांगातली, पाणी मवाळ. भरतीची वेळ काढायचा आमचा हिशेब तोंडी, तिथीची पाऊणपट करायची. दशमीला साडेसात. हा मुंबईकडे बरोबर बसतो, खाली आमच्याकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा साडेसहा धरायची. सातला पाणी थांबलेलं असतं, तेव्हा सोडायची.

काका (माझे, वय ७४, तोंड फटकळ) बघायला आले. होडीला एक फेरी मारली. बोटाने वाजवून बघितली. म्हणाले, "पेटी बरी केलीस." मग वल्ही उचलली. साहेबांनी टेम्पोत मावावीत म्हणून सहा फुटी केलेली, आणि सागाची! काका म्हणाले, "ही वल्ही नाय, हे पळये. आमटी वाढूक बरे."

साडेचार फूट रुंद होडीला साडेसात फुटांच्या खाली वल्हं नको, नाहीतर माणूस हात नुसते फिरवतो आणि होडी जागच्या जागी. काकांनी स्वतःची जुनी जोडी आणून दिली. ती कुठे अडकवायची हा पुढचा प्रश्न, कारण याने ऑनलाइन मागवलेल्या लोखंडी कड्या पहिल्या दहा मिनिटांतच एक वाकली एक तुटली. काकांनी काठाच्या पट्टीला भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकली, वल्ह्याला नारळाच्या दोरीचा फास घातला, फास खुंटीवर. संपलं काम. आवाज नाही, गंज नाही, आणि हात सुटला तरी वल्हं वाहून जात नाही.

मग गळती. पाणी मागच्या फळीतून येत होतं, खाली जे पाणी सोडायचं भोक असतं तिथून.

पाणकावळा

ते भोक मी आदल्या रात्री पाडलं होतं. चूक अशी की प्लायला भोक पाडलं की आतले थर उघडे पडतात, ते स्पंजासारखं पाणी ओढतात. खरं म्हणजे मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळलं की त्याच्या मधून लहान पाडायचं, म्हणजे बुचाभोवती लाकूड येतच नाही. मला हे माहीत होतं. पाच महिने सगळं नियमाने केलं आणि शेवटच्या रात्री घाई. काकांनी कापसाची वात केली, मेणात बुडवली, पटाशीच्या पाठीने ठोकून बसवली. ती अजून तिथेच आहे, गळत नाही.

आणि होडी सरळ जाईना! पाच वल्ही मारली की तोंड फिरवायची. तळाखाली मागे जी उभी पट्टी असते ती मी प्लॅनपेक्षा लहान केली होती, टेम्पोत नीट बसेना म्हणून (हो, हा टेम्पोच सगळ्याच्या मुळाशी आहे). काकांनी किनाऱ्यावरचा एक धोंडा उचलून मागच्या बाटाखाली (बसायच्या आडव्या फळीखाली) ठेवला. मागची बाजू दोन बोटं खाली बसली आणि होडी सुतासारखी सरळ गेली. मी प्लॅन आणि व्हिडिओ मिळून किती तास घालवले असतील, त्यात धोंड्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

ज्या क्षणी तळाखालची वाळू सुटली आणि ती तरंगायला लागली ना, तिचा आवाजच बदलला. जमिनीवर ती पेटीच होती, काका बरोबर बोलले. पाण्यात गेल्यावर तळाखालून एक बारीक चुळचुळ यायला लागली. माझी मुलगी पुढे बसली होती, ती म्हणाली बाबा ही बोलतेय. बास, याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

निळू_सिॲटल

मस्त धागा. इथे लेक युनियनवर लाकडी होड्यांचं एक केंद्र आहे, सेंटर फॉर वुडन बोट्स, रविवारी लोकांना फुकट फिरवून आणतात, मी तिथे स्वयंसेवक. जवळच पोर्ट टाउनसेंडला सप्टेंबरमध्ये लाकडी होड्यांची जत्रा भरते, १९७७ पासून. तिथे घरी बांधलेल्या होड्यांचे मालक तासन्‌तास स्वतःच्या चुका दाखवत उभे असतात, अगदी तुमच्यासारखेच.

एकच विचारतो, मुलीला बसवण्याआधी मुद्दाम बुडवून बघितली होती का? आमच्याकडे हे केल्याशिवाय कोणालाच बसू देत नाहीत.

पाणकावळा

हो निळू, आणि हे मी वर लिहायला हवं होतं. कोणी बांधणार असेल तर बाकी काही करा ना करा, हे कराच.

कमरेइतक्या पाण्यात नेऊन बादल्यांनी काठोकाठ भरली आणि आत मी बसलो. लाकूड तरंगतं हे खरं, पण पाणी भरलेली होडी नुसतं तोंड वर ठेवते, त्यात माणूस बसला की काठ पाण्याखाली, मग तुम्ही एक डबा बाहेर फेकता आणि दोन आत येतात. म्हणून पुढच्या आणि मागच्या बाटाखाली बंद पेट्या केल्यात, आत थर्माकोल. एक लिटर जागा अडवली की साधारण एक किलो उचललं जातं, माझ्या दोन्ही मिळून १२० लिटरच्या आसपास. भरल्यावर काठ चार बोटं वर राहिला आणि मी डब्याने पंधरा मिनिटांत रिकामी केली. पेट्यांना झाकणाची भोकं ठेवा, किनाऱ्यावर आली की उघडायची, नाहीतर आत ओल धरून प्लाय आतूनच कुजतो. पहिल्या चाचणीला माझी मागची पेटी थोडी गळली होती, म्हणजे ती चाचणी केली नसती तर कळलंच नसतं.

जॅकेट तर घातलीच, काका सोडून. काकांना सांगायची कोणाची हिंमत?

खोचक

सगळं वाचलं. कशाला हा प्रश्न मागे घेत नाही. पण आमच्या बंगल्याच्या मागे १४ फूट बाय ७ फूट जागा आहे, छप्पर आहे, आणि फरशीला ढाळ नाही. नुसती माहिती म्हणून विचारतोय, ४ एमएम प्लाय चालतो का?

गुण्याओळंबा

नुसती माहिती म्हणून सांगतो, बाजूंना चालेल, तळाला ६ च घ्या. आणि जागेचं दार किती रुंद आहे ते आधी मोजा.

सायली_फाइफ

दार!! आमच्या शेजारच्या गावाने गोदामाची चौकट काढली होती.

देवबागकर

पाणकावळ्यानु, एक निरोप हा. होडी तू इथेच ठेवून गेलास ती काका रोज सकाळी घेऊन जातात, कुर्ल्यांचे पिंजरे बघायला. विचारलं तर म्हणतात, "हळू जाता, पण उथळात बरी." मागच्या आठवड्यात कालवांच्या खडकावर घासली, तळाचा रंग एक हातभर गेलाय, आत लाकूड दिसतंय. शिवाय ती महिनाभर पाण्यातच आहे, खाली सगळीकडे बारीक खरखरीत कवचं धरलीत. लाकूड उघडं राहिलं तर पोखरणारा किडा आत शिरेल, एकदा शिरला की बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतून चाळण. ओढून वर घेतली पाहिजे. काका काजूचं तेल लावतो म्हणतायत, मी थांबवून ठेवलंय, तुझ्या इपॉक्सीला ते चालेल का माहीत नाही.

पाणकावळा

अरे बाप रे. तेल नका लावू देऊ, तेलावर इपॉक्सी धरणार नाही! वर ओढून, उलटी करून, सावलीत पूर्ण वाळू दे. गोड्या पाण्याने धुतलीत तर उत्तम. मी शुक्रवारी रात्री निघतोय, सोबत राळ, काचकापड, सँडर. साडेसात फुटी वल्ह्यांसाठी लाकूडही आणतोय, या वेळी गाडीच्या टपावर बांधून.

कवचं खरवडायला काय वापरता तुम्ही लोक? लोखंडी पट्टीने काचकापड कापेल अशी भीती वाटते. नारळाची खवणी चालेल असं मला वाटतंय पण परातीनंतर घरातून खवणी मागायची माझी छाती नाही, काकूंकडे एखादी जुनी असेल तर बघ.